फिजिओथेरपी क्लिनिक निवडताना पहिली व्हिजिट नीट बघा

घोटा मुरगळला, गुडघ्याचं लिगामेंट फाटलं किंवा प्लास्टर निघालं की डॉक्टर फिजिओथेरपी लिहून देतात, आणि मग आपण घराजवळ कुठलं आहे, मोठं कुठलं आहे, कुणाकडे जास्त मशीन आहेत हे बघून क्लिनिक ठरवतो. जवळ असावं हे खरंच, कारण अनेक आठवडे जावं लागतं. पण मशीनवरून ठरवू नका. का, ते कळायला जखम आतून कशी भरते हे बघायला हवं.

इजा झाल्यावर पहिले काही दिवस सूज असते, तेव्हा पांढऱ्या पेशी तुटकेफुटके तंतू साफ करत असतात. मग साधारण तिसऱ्या आठवड्यापर्यंत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी भराभर टाइप 3 कोलॅजन (तंतू बनवणारं प्रथिन) तयार करतात, ते कच्चं असतं आणि त्याचे तंतू कसेही आडवेतिडवे पडलेले असतात. पुढे कित्येक महिने, लिगामेंट असेल तर वर्षभर किंवा त्याहून जास्त, त्याच्या जागी मजबूत टाइप 1 कोलॅजन येत राहतं, आणि ज्या दिशेने ताण पडतो त्या दिशेने तंतू लागत जातात. पेशींना हा ताण जाणवतो हो, त्यावरच त्यांचं काम चालतं! त्यामुळे बेताबेताने वाढवत नेलेला व्यायाम हाच उपचाराचा गाभा आहे, आणि पडून राहून नुसता शेक घेतला तर तात्पुरतं बरं वाटतं पण तंतूंना ताण काही मिळत नाही.

अल्ट्रासाऊंडचंच घ्या, म्हणजे सोनोग्राफी नाही, तर दुखऱ्या जागी ध्वनिलहरी सोडणारं उपचाराचं मशीन. 2001 मध्ये रॉबर्टसन आणि बेकर या संशोधकांनी दुखणं आणि स्नायू-सांध्यांच्या इजांसाठी त्याच्या 35 चाचण्या तपासल्या, त्यातल्या पद्धत धड असलेल्या फक्त 10 निघाल्या, आणि त्यातल्या 8 मध्ये खऱ्या मशीनचा फायदा खोट्या मशीनपेक्षा जास्त दिसला नाही. तरी अजून अनेक ठिकाणी सेशनचा निम्मा वेळ त्यातच जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून पहिल्या व्हिजिटला काय होतं ते बघा. चांगला फिजिओ आधी विचारतो की लागलं कसं आणि तुम्हाला परत काय करता यायला हवंय, जिने चढायचेत की फुटबॉल खेळायचाय. मग गोनिओमीटर, म्हणजे दोन पट्ट्यांचा कोनमापक, गुडघ्याला लावून तो किती अंश वाकतो ते मोजतो, दुसऱ्या पायाचंही मोजतो आणि दोन्ही आकडे लिहून ठेवतो. घोट्याचं असेल तर एका पायावर उभं करून टाच किती वेळा उचलता येते ते मोजतो. सूजही हाताने चाचपून बघतो, कारण गुडघ्यात पाणी असलं की मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडतं घ्यायला लावते आणि कितीही जोर केला तरी तो पूर्ण ताकदीने काम करत नाही. हे काहीच न करता थेट दहा सेशनचं पॅकेज पुढे केलं तर दुसरं क्लिनिक बघा.

एक प्रश्न जरूर विचारा, मला खेळायला कधी सोडाल? नुसता ठरावीक आठवड्यांचा आकडा सांगितला तर ते अर्धंच उत्तर झालं. एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या एका मुख्य लिगामेंटचं, ऑपरेशन झालेल्यांवर नॉर्वेतला 2016 चा अभ्यास आहे, त्यात 9 महिन्यांपर्यंत खेळात परतणं जितकं लांबवलं तितकं दर महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी झालं, आणि मांडीची ताकद दोन्ही पायांत सारखी असणाऱ्यांनाही पुन्हा इजा कमी झाली. म्हणजे वेळही हवा आणि टेस्टही हवी.

बाकी डिग्री, रजिस्ट्रेशन बघालच. फिजिओ एकाच वेळी किती पेशंट बघतो तेही बघा, व्यायाम चुकतोय हे कुणाच्या लक्षातच येत नसेल तर तिथे जाऊन करण्यात काय अर्थ. आणि पोटरी अचानक सुजून दुखायला लागली, किंवा पाठीच्या दुखण्यात लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर जो फिजिओ व्यायाम थांबवून तुम्हाला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवतो तो सोडू नका.