जुन्या होम कॉम्प्युटरवर लिहायचं कशात? (आमच्या ग्राहकांसाठी)

गणपतीला आलेले चाकरमानी माळ्यावरचा स्पेक्ट्रम किंवा बीबीसी मायक्रो (दोन्ही ऐंशीच्या दशकातले घरगुती कॉम्प्युटर) आमच्या रत्नागिरीच्या दुकानात आणून देतात. मशीन सुरू झालं की दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला: “आता प्रोग्राम कशात लिहू?” तेच तेच सांगून थकलो, म्हणून हा कागद.

आधी मेमरी बघा. ४८ केच्या (के म्हणजे १०२४ बाइट) स्पेक्ट्रममध्ये ६९१२ बाइट नुसता पडदाच खातो. बेसिकला, म्हणजे मशीनमध्येच असलेल्या प्रोग्रामिंगच्या भाषेला, साधारण ४१ के उरतात. त्यात असेंब्लर (प्रोसेसरच्या सूचनांचा मशीन कोड करून देणारा प्रोग्राम) चढवलात तर असेंब्लर, तुम्ही लिहिलेला सोर्स आणि तयार झालेला मशीन कोड, तिघेही एकाच खोलीत. हायसॉफ्टचा डेव्हपॅक हा असेंब्लर चांगलाच आहे, झेड-८० (स्पेक्ट्रमचा प्रोसेसर) शिकायला आणि छोट्या रुटीनला जरूर वापरा. पूर्ण गेम त्यात लिहायला जाऊ नका. बेसिक मात्र मशीनवरच लिहावं. पी दाबलं की अख्खं ‘प्रिंट’ उमटतं, ती गंमत लॅपटॉपवर नाही.

स्पेक्ट्रमवर पत्रं लिहायला टास्वर्ड टू हा वर्ड प्रोसेसर. मूळच्या ३२ अक्षरांच्या ओळीत तो ६४ बसवतो, अर्थात निम्म्या रुंदीची. जुन्या टीव्हीवर ती मुंग्यांसारखी दिसतात. देवनागरी विचारणारे बरेच असतात. स्पेक्ट्रमवर स्वतः काढायची २१ अक्षरं मिळतात. ‘गणपती बाप्पा मोरया’ आरामात होतं, आरती होणार नाही.

बीबीसीवाले सुखी. वर्डवाइज आणि व्ह्यू हे वर्ड प्रोसेसर रॉम चिपवर येतात, त्यामुळे प्रोग्राम ठेवायला रॅम लागत नाही. तिथे जागा खातो तो पडदा. मॉडेल बीच्या ३२ केपैकी मोड ० (पडद्याच्या मांडणीचा एक प्रकार) एकटा २० के घेतो. डिस्क जोडलेली असेल तर तुमच्या हाती पावणेसहा के. मोड ७ ला १ के पुरतो आणि पावणेपंचवीस के मोकळे राहतात. म्हणून लिहिताना मोड ७. असेंब्लर तर बेसिकमध्येच आहे, चौकटी कंसात सूचना लिहायच्या. वेगळा विकत घेऊ नका, आमच्याकडूनही नको.

मोठं काम असेल तर आमचं मत स्पष्ट आहे: लिहा लॅपटॉपवर, चालवा मशीनवर. आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल नेम नाही, आणि लाईट गेली की या मशीनच्या डोक्यात काही उरत नाही. एका जूनमध्ये आमची अख्खी दुपार अशीच गेली. कॅसेटवर उतरवायचं राहिलं होतं. कॅसेटचाही भरवसा किती, दमट हवेत टेपला बुरशी येते.

लॅपटॉपवर कुठलाही साधा टेक्स्ट एडिटर चालेल. वर्ड नको, त्यातली वळणदार अवतरणचिन्हं असेंब्लरला कळत नाहीत. स्पेक्ट्रमसाठी पास्मो हा असेंब्लर घ्या, तो थेट टेपची फाइल करून देतो. बीबीसीसाठी बीबअॅझम, तो डिस्कची फाइल करतो. दोन्ही फुकट. स्पेक्ट्रमची फाइल आधी फ्यूज एम्युलेटरवर (लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम) चालवून बघा, मग तिचा आवाज हेडफोनच्या वायरीने मशीनच्या ‘इअर’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये सोडा. आवाज चढा ठेवा. लोड होत नाही म्हणून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा आवाजच कमी असतो.

एक राहिलंच. स्पेक्ट्रमचा अॅडाप्टर ९ व्होल्टचा असला तरी पिनच्या मध्यभागी निगेटिव्ह असतो. घरातला दुसरा कुठला लावू नका, मशीनसोबत मूळचाच घेऊन या.