टाइपस्क्रिप्ट घेतलं की टाइपच्या चुका संपल्या?

हा समज अनेक टीममध्ये वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो खरा नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली टाइपस्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टवर बेतलेली भाषा टाइप, म्हणजे मूल्य आकडा आहे की मजकूर असा प्रकार, तपासते, पण कोड चालण्याआधी. कंपाइल झालं, म्हणजे कोडचं जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर झालं, की टाइप पुसले जातात. ब्राउझरमध्ये चालते ती साधी जावास्क्रिप्टच.

समजा, इंटरफेसमध्ये, म्हणजे डेटाच्या आराखड्यात, 'नग' हा आकडा आहे असं लिहिलंय. सर्व्हरकडून मात्र ५०० ही स्ट्रिंग, म्हणजे आकडा नव्हे तर मजकूर, आली. कुठेही एरर येत नाही. त्यात ५० मिळवले की उत्तर ५५० नाही, ५००५० येतं! एरर येत नाही, कारण जेसन (डेटा पाठवण्याचा एक मजकुरी फॉरमॅट) वाचणारं फंक्शन 'एनी', म्हणजे 'काहीही चालेल' असा टाइप परत करतं आणि 'एनी' म्हणजे कंपायलरला गप्प बसवणं. पूर्ण निर्दोष टाइपप्रणाली देणं हे आपलं उद्दिष्ट नाही, असं टाइपस्क्रिप्टच्या टीमनेच लिहून ठेवलंय.

म्हणून टाइप निरुपयोगी, असं मुळीच नाही. दुसऱ्याने लिहिलेल्या फंक्शनचा पॅरामीटर बदलताना कुठे कुठे मोडणार हे लगेच दिसतं, आणि मोठ्या टीमला याची फार गरज असते. फक्त बाहेरून येणारा डेटा 'अननोन' (तपासल्याशिवाय वापरू न देणारा टाइप) धरा आणि आत घेतानाच तपासा. कोडच्या रिव्ह्यूमध्ये 'एनी' दिसला तर कारण विचाराच.