नापाम नव्हे, 'खास डबे'

अल्जीरियाच्या युद्धातल्या फ्रेंच लष्करी कागदपत्रांत 'बिडों स्पेस्यो' असा एक शब्द भेटतो. अर्थ: 'खास डबे'. डब्यात काय, ते लिहायचं नाही. विमानाला ते अडकवणाऱ्या मेकॅनिकला आणि उडवणाऱ्या वैमानिकाला मात्र नीट ठाऊक होतं, की आत नापाम आहे.

शब्द तसा खोटाही नव्हता. लढाऊ विमानाच्या पोटाखाली किंवा पंखाखाली जादा इंधनाची जी टाकी लटकवतात, तशाच पातळ पत्र्याच्या टाकीत जेलीसारखं घट्ट केलेलं पेट्रोल भरायचं आणि पेटवणारा फ्यूज बसवायचा, की झाला नापाम बॉम्ब. बॉम्बसारखे कल्ले नसल्यामुळे ही टाकी कोलांट्या खात पडते, उंचावरून नेम धरता येत नाही. म्हणून वैमानिकाला खाली, सपाट उडत यावं लागतं. टाकी फुटली की विमानाच्या दिशेनेच आगीचा लांब पट्टा पुढे धावतो. ती जेली अंगाला, मातीला चिकटून जळते. खंदकात दडलेल्याच्या अंगावर थेंबही पडला नाही, तरी त्याच्या वाटची हवा ती आग खाऊन टाकते.

मूळ कृती अमेरिकन. हार्वर्डचे रसायनशास्त्रज्ञ लुई फीझर यांच्या गटाने ती १९४२ मध्ये सिद्ध केली आणि ४ जुलैला विद्यापीठाच्याच मैदानावर तिची चाचणी घेतली. नॅफ्थिनेट आणि पामिटेट या घटकांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलं नापाम. पुढे पेट्रोल घट्ट करणारी ही भुकटी पिंपांतून कुठेही नेऊन तिथल्याच पेट्रोलमध्ये कालवता येऊ लागली. दूरच्या वसाहतीत लढणाऱ्या फौजेला याहून सोयीचं काय हवं?

फ्रान्सच्या हाती ती आली इंडोचायनात, म्हणजे व्हिएतनाम आणि शेजारच्या फ्रेंच वसाहतींत. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि व्हिएत मिन्ह या साम्यवादी स्वातंत्र्य-आघाडीविरुद्धची फ्रान्सची लढाई वॉशिंग्टनला एकाएकी साम्यवादाविरुद्धची लढाई वाटू लागली. अमेरिकन शस्त्रांचा ओघ वाढला. त्यात ग्रुमन बेअरकॅट ही विमानंही होती. विमानवाहू जहाजावरून झपकन वर चढून शत्रूचं विमान गाठण्यासाठी घडवलेलं हे यंत्र दुसऱ्या महायुद्धात लढायला उशिरा पोचलं. इंडोचायनात त्याच्या वाट्याला आली ती भातखाचरांवरची जमिनीलगतची कामगिरी.

जानेवारी १९५१, हनोईच्या वायव्येला विन्ह येन. व्हिएत मिन्हचे जनरल जियाप यांनी दोन डिव्हिजन घेऊन डोंगरातून उतरून उघड्यावर हल्ला चढवला. नुकतेच फ्रेंच सरसेनापती म्हणून आलेले द लात्र द तास्सिन्यी यांनी बॉम्ब टाकू शकेल असं हाताशी असलेलं प्रत्येक विमान, अगदी मालवाहूसुद्धा, नापाम घेऊन पाठवलं. १७ तारखेला जियाप मागे हटले. त्यांचे सुमारे ६,००० सैनिक मेले, असा फ्रेंचांचा अंदाज.

पण विन्ह येनला लक्ष्य समोर, उघड्यावर होतं. १९५४ मध्ये दिएन बिएन फू या खोऱ्यातल्या फ्रेंच तळाभोवती जियाप यांनी तोफा डोंगराच्या पोटात खोदून बसवल्या. ओल्या रानात आग पसरेना. खोऱ्यातल्या धावपट्टीवरची बेअरकॅट तोफांनी पहिल्या काही दिवसांतच निकामी केली आणि ७ मे रोजी तळ पडला.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला पाँडिचेरीचा कारभार भारताच्या हाती आला आणि त्याच दिवशी अल्जीरियात उठावाचा भडका उडाला. इंडोचायनात नापामचं नाव घ्यायला फ्रेंचांना संकोच नव्हता. अल्जीरिया मात्र त्यांच्या लेखी फ्रान्सचाच भाग, मग स्वतःच्याच मुलखात नापाम कसा टाकणार? तिथे युद्धालाच युद्ध म्हणायची चोरी होती. सरकारी भाषेत चाललं होतं ते 'सुव्यवस्था राखण्याचं काम'. युद्धाला 'खास डब्यां'सारखंच पांघरूण. थंडरबोल्ट, मिस्त्राल, पुढे स्कायरेडर ही विमानं ऑरेस आणि कबिलियाच्या डोंगरांवर जात राहिली आणि पॅरिस जाहीरपणे कानावर हात ठेवत राहिलं. 'अल्जीरियाचं युद्ध' हे शब्द फ्रेंच कायद्यात आले ते १९९९ मध्ये.

आग लावणाऱ्या शस्त्रांवरचा आंतरराष्ट्रीय करार १९८० चा. नागरी वस्तीत असलेल्या लष्करी लक्ष्यांवर विमानातून अशी शस्त्रं टाकायला त्यात मनाई आहे. रानं जाळायलाही मनाई आहे, पण सैनिक त्या रानाचा आडोसा घेत असतील तर नाही.