बहुराष्ट्रीय कंपन्यांचे उत्तरदायित्व : खानदेशाच्या संदर्भात

एकापेक्षा अधिक देशांत उत्पादन, खरेदी, विक्री किंवा गुंतवणूक करणाऱ्या कंपनीच्या व्यवहारामुळे माणसांच्या जिवाला, आरोग्याला व उपजीविकेला अथवा जमीन, पाणी, हवा आणि जंगल यांना हानी पोहोचली, तर तिची जबाबदारी कंपनीवर निश्चित करणे, बाधितांना भरपाई मिळवून देणे आणि तशी हानी पुन्हा होऊ नये यासाठी कंपनीला कायद्याने बांधून घेणे, या प्रक्रियेस बहुराष्ट्रीय कंपन्यांचे उत्तरदायित्व असे म्हणतात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वापेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावयाची असते; परंतु गावातल्या शाळेला दिलेली बाके ही त्या गावाच्या विहिरीत उतरलेल्या रसायनाची भरपाई ठरत नाही. या दोहोंची गल्लत सर्रास होते आणि तिचा तोटा नेहमी बाधितांनाच सोसावा लागतो.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांच्या खानदेशात परदेशी कंपन्यांची धुराडी फारशी दिसत नाहीत, म्हणून हा विषय येथे परका वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात तापीकाठच्या काळ्या जमिनीतील कापूस, त्याच्या बियाण्यातील जनुक, त्यावर फवारले जाणारे औषध आणि सातपुड्यातल्या गावांवर पाणी आणणाऱ्या धरणाला मिळालेले कर्ज, या सर्वांची दोरी दूरच्या देशांतील निर्णयांशी बांधलेली आहे. कंपनीच्या सत्तेचा अनुभवही येथे जुना आहे. सतराव्या शतकात धरणगावला ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती, आणि १८१८ नंतर तीच कंपनी या प्रदेशाची सरकार झाली. १८५२ मध्ये सावदा, यावल, एरंडोल या भागांतील शेतकऱ्यांनी तिच्या जमीनमोजणीला विरोध केला, तेव्हा त्यांची गाऱ्हाणी ज्या कंपनीविरुद्ध होती तिच्याच अधिकाऱ्यांपुढे त्यांना ती मांडावी लागली.

कायदेशीर अडचणीचे मूळ. बहुराष्ट्रीय कंपनी ही व्यवहारात एक असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती अनेक स्वतंत्र कंपन्यांचा समूह असते. मूळ कंपनी एका देशात, उपकंपनी दुसऱ्या देशात आणि माल पुरवणारा कंत्राटदार तिसऱ्याच ठिकाणी असतो. प्रत्येकीचे कायदेशीर व्यक्तित्व वेगळे मानले जात असल्यामुळे नफा वरपर्यंत पोहोचतो, दोष मात्र खालच्या पायरीवरच अडतो. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री मिथिल आयसोसायनेट वायूने हजारो माणसे मारली. त्या कारखान्याची मालक असलेल्या युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडचे ५०.९ टक्के भाग अमेरिकी मूळ कंपनीकडे होते. तरीही न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९८६ मध्ये हा दावा भारतातच चालवणे योग्य ठरेल असे म्हणून तो ऐकण्यास नकार दिला, १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. २०१० मध्ये दोषी ठरलेल्या भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. मूळ कंपनीचा कोणीही अधिकारी भारतीय न्यायालयापुढे खटल्यास उभा राहिला नाही.

भारतीय न्यायशास्त्राने यातून घेतलेला धडा मात्र मोलाचा आहे. दिल्लीतील श्रीराम कारखान्याच्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती प्र. न. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली डिसेंबर १९८६ मध्ये संपूर्ण दायित्वाचे तत्त्व मांडले. घातक उद्योग चालवणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली, तरी झालेल्या हानीची भरपाई त्यानेच द्यावयाची आणि कंपनी जितकी मोठी तितकी भरपाईही मोठी असावयाची, असा त्याचा आशय आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी न्यायनिर्णयाने मान्य केलेले अपवाद त्यात जाणीवपूर्वक नाकारले आहेत. पुढे १९९६ च्या निर्णयांत ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले गेले आणि २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियमाने दोष सिद्ध न करताही भरपाई देण्याची तरतूद केली.

आंतरराष्ट्रीय नियम. संयुक्त राष्ट्रांत बहुराष्ट्रीय कंपन्यांसाठी आचारसंहिता करण्याचा १९७० च्या दशकातील प्रयत्न १९९२ च्या सुमारास सोडून देण्यात आला. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी तयार केलेली ३१ मार्गदर्शक तत्त्वे मानवी हक्क परिषदेने स्वीकारली. हक्कांचे संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य, त्यांचा आदर राखणे ही कंपनीची जबाबदारी आणि बाधितांना दाद मागण्याचा मार्ग, असे त्यांचे तीन आधार आहेत. ती बंधनकारक नाहीत. बंधनकारक कराराचा मसुदा करण्यासाठी इक्वेडोर आणि दक्षिण आफ्रिका यांच्या पुढाकाराने जून २०१४ मध्ये जो ठराव झाला, त्याच्या बाजूने भारताने मत दिले होते, आणि अनेक श्रीमंत देशांनी विरोधात. याउलट गुंतवणूक करारांमुळे परदेशी कंपनी एखाद्या देशाच्या सरकारला आंतरराष्ट्रीय लवादापुढे थेट खेचू शकते. कंपनीला सरकारविरुद्ध जे दार उघडे आहे, ते गावाला कंपनीविरुद्ध उपलब्ध नसावे, हा या व्यवस्थेतील सर्वांत मोठा अन्याय आहे.

अलीकडे काही देशांनी आपापल्या कंपन्यांना स्वदेशी कायद्याने बांधण्यास सुरुवात केली आहे. बांगलादेशातील राणा प्लाझा ही परदेशी कंपन्यांचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळून ११३४ कामगार मृत्युमुखी पडल्यानंतर फ्रान्सने २०१७ मध्ये दक्षता कर्तव्याचा, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी आपल्या उपकंपन्या व पुरवठादारांकडून होणारी हानी ओळखून टाळावी असा, कायदा केला. जर्मनीचा पुरवठासाखळी कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या अशाच निर्देशाच्या अंमलबजावणीची मुदत मात्र पुढच्याच वर्षी लांबवण्यात आली. न्यायालयांच्या पातळीवर झांबियातील गावकऱ्यांचे प्रकरण निर्णायक ठरले. तांब्याच्या खाणीमुळे नदी दूषित झाल्याची त्यांची तक्रार होती. खाण वेदांता समूहाच्या उपकंपनीची, मूळ कंपनी लंडनमधील. मूळ कंपनीविरुद्धचा दावा इंग्लंडमध्ये चालू शकतो, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये दिला आणि २०२१ मध्ये कंपनीने गावकऱ्यांशी तडजोड केली.

मणिबेलीचा वारसा. खानदेशाचे या विषयातील योगदान जगाच्या पातळीवर नोंदले गेले आहे, आणि ते खुद्द खानदेशात पुरेसे ठाऊक नाही. सरदार सरोवर प्रकल्पात महाराष्ट्रातील अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे बुडिताखाली येणार होती. हे तालुके तेव्हा धुळे जिल्ह्यात होते आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात आले. मणिबेली हे त्यांतील सर्वांत आधी पाण्याला सामोरे जाणारे गाव. धरण सरकारी होते, परंतु जागतिक बँकेने १९८५ मध्ये त्यासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते आणि जनित्रांसाठी जपानी मदत ठरली होती. नर्मदा बचाओ आंदोलनाने हा पैसा जेथून येतो तेथेच प्रश्न नेला. मेधा पाटकर यांनी १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली, जपानने १९९० मध्ये आपली मदत थांबवली, आणि बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. जून १९९२ मधील मोर्स अहवालाने पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत बँकेने स्वतःचेच नियम पाळले नसल्याचे दाखवून दिले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज न घेण्याचे ठरवले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापन केले. बँकेच्या कर्जामुळे नुकसान झालेल्या लोकांना थेट तक्रार करता येईल अशी ही आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांमधील पहिली यंत्रणा होय, आणि तिच्या निर्मितीमागे नर्मदेचा लढा हे एक प्रमुख कारण होते. १९९४ मध्ये ४४ देशांतील ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांचा अर्थपुरवठा थांबवण्याची मागणी करणारे जे जाहीरनामापत्र काढले, त्याला त्यांनी मणिबेलीचेच नाव दिले. धरण थांबले नाही, मणिबेली बुडाले, आणि या ३३ गावांतील अनेक कुटुंबांना पुनर्वसनासाठी पुढे दशकानुदशके झगडावे लागले, हेही याच इतिहासात लिहिले पाहिजे. तरी अर्थपुरवठादाराला जबाबदार धरण्याची रीत येथून रुळली. नर्मदेवरच मध्य प्रदेशात महेश्वर येथे खाजगी जलविद्युत प्रकल्प उभा राहत असताना लोकांच्या विरोधामुळे बायर्नवेर्क आणि व्हीईडब्ल्यू या जर्मन कंपन्या १९९९ मध्ये बाहेर पडल्या. गुजरातेतील मुंद्रा येथील वीजप्रकल्पाने बाधित मच्छीमारांच्या दाव्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या, जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाला संपूर्ण न्यायिक संरक्षण नाही असे ठरवले, हाही त्याच वाटेवरील टप्पा आहे, जरी तो दावा नंतर खालच्या न्यायालयात टिकला नाही.

कपाशीची साखळी. खानदेशात या विषयाचा रोजचा संबंध येतो तो कपाशीतून. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यानंतर काही वर्षांतच बहुतेक शेतांत एकाच परदेशी कंपनीच्या तंत्रज्ञानावर आधारलेले बियाणे आले. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या तंत्रज्ञानाला दाद देणे सोडले. २०१७ च्या खरिपात राज्यभर बोंडे किडली, तेव्हा महाराष्ट्र कापूस बियाणे अधिनियम, २००९ खाली भरपाई मागण्यासाठी शेतकऱ्यांनी ‘जी’ नमुन्यातील अर्ज भरले. अर्जासोबत बियाण्याची पावती मागितली जात होती, आणि उधारीवर बियाणे उचलणाऱ्या लहान शेतकऱ्याकडे बहुधा तीच नसते. जनुकाचे स्वामित्वशुल्क बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीत वसूल होत होते. तंत्रज्ञान निकामी झाल्याचा भार मात्र शेतकऱ्यावर आणि सरकारी तिजोरीवर पडला.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. घटना विदर्भातील असली, तरी पीक, हवामान, औषधे आणि फवारणीची पद्धत खानदेशातही तीच आहे. तेथील ५१ बाधित कुटुंबांनी २०२० मध्ये आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) स्वित्झर्लंडमधील संपर्क केंद्राकडे सिंजेंटा या तेथील कीटकनाशक कंपनीविरुद्ध तक्रार केली, आणि एक वाचलेला शेतकरी व दोन मृतांची कुटुंबे यांनी बाझेल येथे नुकसानभरपाईचा दावा लावला. पोलो या नावाने विकले जाणारे, डायफेन्थियुरॉन हा घटक असलेले आणि युरोपीय संघात परवानगी नसलेले औषध बाधेस कारण ठरल्याचा त्यांचा आरोप आहे. कंपनीने तो फेटाळला आहे.

अशा प्रत्येक प्रकरणात फवारणाऱ्याने हातमोजे, चष्मा आणि अंगभर पोशाख वापरला नाही, असा बचाव केला जातो. भाद्रपद-आश्विनाच्या दमट उन्हात, डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन रबरी पोशाखात दिवसभर चालणे शक्य आहे काय, याचे उत्तर शेतात उभे राहिल्याशिवाय मिळत नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशकविषयक आचारसंहितेने ते दिलेलेच आहे : ज्या औषधांसाठी त्रासदायक, महाग किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधने लागतात ती, विशेषतः उष्ण हवामानातील लहान शेतकरी व मजुरांच्या बाबतीत, टाळावीत. या संहितेशी बांधील असल्याचे मोठ्या उत्पादक कंपन्या सांगतात. त्यामुळे वापरणाऱ्याचा दोष दाखवण्याआधी, ते औषध येथे विकायलाच हवे होते काय, या प्रश्नाचे उत्तर देणे त्यांच्याकडे लागते.

कापसाच्या पुढच्या टप्प्यांत जबाबदारीचा माग काढणे आणखी कठीण होते. जिनिंगच्या आवारात अनेक गावांचा कापूस एकाच ढिगात मिसळतो, सरकी वेगळी होऊन रुईच्या गठाणी बांधल्या जातात, सूत आणि कापड भलतीकडेच तयार होते आणि शेवटी शिवलेल्या कपड्यावर केवळ विक्रेत्या कंपनीचे नाव उरते. वेचणीला किती मजुरी दिली, शेतात मुले राबली काय, हे त्या कपड्यावरून कळत नाही. नंदुरबारमधून गुजरातेत ऊसतोडीला जाणाऱ्या आदिवासी मजुरांचीही हीच स्थिती आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत कोयता खाली ठेवता येत नाही, आणि साखर विकत घेणारी कंपनी मुकादमाला आपला माणूस मानत नाही.

दाद मागण्याचे मार्ग. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. पर्यावरणीय हानीसाठी हरित न्यायाधिकरणाचे पुणे येथील पश्चिम विभागीय पीठ आहे. न्यायाधिकरणाकडे भरपाईचा अर्ज साधारणपणे पाच वर्षांच्या आत, तर अन्य पर्यावरणविषयक वाद सहा महिन्यांच्या आत न्यावा लागतो. सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादक दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. अनुसूचित क्षेत्रातील गावांकडे ग्रामसभा हे अधिक बळकट साधन आहे. ओडिशातील नियमगिरी पर्वतावरील बॉक्साइट खाणीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांकडे सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. साक्रीच्या पठारावरील पवनचक्क्यांपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जेथे जेथे वनजमिनीवर प्रकल्प येतात, तेथे २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे आधी निकाली काढणे याच कारणाने आवश्यक आहे; वीज स्वच्छ आहे एवढ्यावरून जमीन घेण्याची रीत योग्य ठरत नाही.

दूरच्या न्यायालयात दावा टिकतो की नाही, हे बहुतेक वेळा गावात पहिल्या आठवड्यात काय नोंदले गेले यावर अवलंबून असते. औषध मालकाच्या नावावर घेतलेले असते, फवारणारा रोजंदारीचा मजूर असतो, रिकामी बाटली बांधावर फेकलेली असते आणि दवाखान्याच्या केसपेपरवर औषधाचे नाव न लिहिता ‘विषबाधा’ एवढाच शब्द येतो. कृषी केंद्राची पावती, लेबलसह बाटली व तिच्यावरील बॅच क्रमांक, रुग्णाच्या रक्ताच्या तपासणीचा अहवाल, तलाठ्याचा पंचनामा आणि विहिरीच्या पाण्याचा मोहोरबंद नमुना हे हाती असतील, तर मूळ कंपनीपर्यंत पोहोचणारी साखळी जुळवता येते. कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम २६ नुसार राज्य सरकार विषबाधेच्या घटना कळवणे संबंधितांवर बंधनकारक करू शकते. ग्रामीण रुग्णालयांत ही नोंद औषधाच्या नावासह काटेकोरपणे ठेवली जाणे हे खानदेशातील बाधितांच्या दृष्टीने कोणत्याही परदेशी कायद्याइतकेच महत्त्वाचे आहे.