विंडोज पुन्हा टाकण्याआधी: लायसन्स कोणतं, कागदपत्रं कोणती, प्रक्रिया कशी

घरचा कॉम्प्युटर रखडायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो फॉरमॅट मारून घेण्याचा. दुकानदार मशीन ठेवून घेतो, दुसऱ्या दिवशी परत देतो आणि सगळं नवं दिसू लागतं. यात बऱ्याच घरांचं एक नुकसान होतं, जे कोणाच्या लक्षातही येत नाही. लॅपटॉपसोबत पैसे मोजून घेतलेलं अस्सल विंडोज होम पुसलं जातं आणि त्याच्या जागी क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सशिवाय चालावं म्हणून छेडछाड केलेलं विंडोज प्रो बसतं. काही महिन्यांनी ॲक्टिव्हेशनची (लायसन्स अस्सल असल्याची खातरजमा करण्याची) सूचना झळकते आणि माणूस नव्याने पैसे मोजायला निघतो.

तेव्हा मुख्य गोष्ट आधीच सांगतो. विंडोजसह विकत घेतलेल्या कॉम्प्युटरचं लायसन्स फॉरमॅट केल्याने जात नाही. ते आपल्या हक्काचं आहे आणि पुन्हा इन्स्टॉल करायला एक रुपयाही लागत नाही. फक्त ते कोणत्या प्रकारचं आहे, हे डिस्क पुसण्याआधी पाहून ठेवायला हवं.

लायसन्सचे प्रकार

घरगुती कॉम्प्युटरवर बहुतेक वेळा ओईएम लायसन्स असतं, म्हणजे मशीन बनवणाऱ्या कंपनीने आधीच भरून दिलेलं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून मोठ्या कंपन्या या लायसन्सची की, म्हणजे विंडोज ॲक्टिव्हेट करणारा संकेतांक, मदरबोर्डवरच्या (मशीनच्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या) चिपमध्ये साठवतात. हार्ड डिस्क काढून फेकली तरी की जागेवर राहते. इन्स्टॉल करताना विंडोज ती स्वतः वाचतं आणि त्यानुसार होम की प्रो हेही ठरवतं. त्याआधीच्या मशीनवर लॅपटॉपच्या पोटाला किंवा कॅबिनेटच्या बाजूला पंचवीस अक्षरांची की छापलेला स्टिकर असे. ओईएम लायसन्स त्या मशीनचंच असतं. ते काढून दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही, मशीन विकलं तर ते मशीनसोबत जातं.

दुसरं रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं. ते एका वेळी एकाच कॉम्प्युटरवर चालतं, पण जुन्यावरून काढून नव्यावर नेता येतं. असेंबल केलेला पीसी दर काही वर्षांनी बदलणाऱ्याने हेच घ्यावं.

तिसरं व्हॉल्यूम लायसन्स. ते कंपन्या, कॉलेजं, सरकारी कार्यालयं यांच्यासाठी असतं. त्यातला केएमएस हा प्रकार संस्थेच्या सर्व्हरशी बोलून ॲक्टिव्हेट होतो आणि त्याची मुदत १८० दिवसांची असते. तोवर सर्व्हरशी पुन्हा संपर्क झाला नाही तर ॲक्टिव्हेशन संपतं. घरच्या मशीनवर हा प्रकार आढळला तर ते लायसन्स आपलं नाही, असंच धरून चाला.

विंडोज १० पासून या सगळ्याच्या जोडीला डिजिटल लायसन्स आलं. एकदा रीतसर ॲक्टिव्हेट झालेल्या मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. तीच आवृत्ती (होम किंवा प्रो) पुन्हा टाकली तर की न देताही ॲक्टिव्हेशन होतं. ही ओळख मुख्यतः मदरबोर्डवरून ठरते. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली किंवा रॅम वाढवली तरी सहसा काही बिघडत नाही. अनेक घरांत विंडोज पुन्हा टाकण्याची वेळ एसएसडी बसवतानाच येते, म्हणून हे ठासून सांगतो: नव्या एसएसडीसाठी नवी की विकत घेऊ नका.

आपल्याकडे काय आहे, हे कसं पाहायचं

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन असं जा. विंडोज १० मध्ये हेच पान अपडेट अँड सिक्युरिटीखाली आहे. तिथे आवृत्तीचं नाव आणि ॲक्टिव्हेशनचा प्रकार दिसतो. आपल्याकडच्या लॅपटॉपवर बहुधा 'होम सिंगल लँग्वेज' असतं. ते अस्सलच आहे, कमी दर्जाचं नव्हे. डिजिटल लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलेलं असल्याचा उल्लेख तिथे असेल तर उत्तम. नसेल तर त्या मशीनवर आपल्या अकाउंटने साइन इन करा, जोडणी होते.

लायसन्सचा नेमका प्रकार कळायला कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी उघडा. एसएलएमजीआर (slmgr) ही पाच इंग्रजी अक्षरं टाइप करा, एक जागा सोडा, तिरकी रेघ (/) द्या आणि तिला चिकटून डीएलआय (dli) लिहून एंटर दाबा. छोटी खिडकी उघडते. तिच्यात ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्यूम यांपैकी एक शब्द सापडतो. डीएलआयच्या जागी एक्सपीआर (xpr) लिहिलं तर ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की त्याला तारीख आहे, ते कळतं. तारीख दिसली तर ते बहुधा केएमएस आहे. या दोन्ही खिडक्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पात्रता: कोणाला मोफत, कोणाला नाही

विंडोजसह आलेला ब्रँडेड लॅपटॉप किंवा पीसी असेल आणि मदरबोर्ड मूळचाच असेल, तर तीच आवृत्ती कितीही वेळा टाकता येते. रिटेल की असेल तरीही अडचण नाही.

दुकानात 'डॉस' किंवा 'फ्री डॉस' म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या लॅपटॉपचं मात्र नीट समजून घ्या. त्यात विंडोजचं लायसन्स नसतंच. दुकानदाराने विकताना विंडोज 'टाकून दिलं' असेल तर ते कशाच्या जोरावर टाकलं, हे विचारा. उत्तर बिलावर सापडेल. विंडोजची वेगळी ओळ नसेल तर लायसन्सही नाही. असेंबल केलेल्या पीसीलाही हेच लागू.

मदरबोर्ड बदलला असेल तर प्रकार महत्त्वाचा ठरतो. रिटेल असेल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावरच्या ट्रबलशूटमध्ये हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडून, अकाउंटमधलं जुनं मशीन ओळखून ते नव्यावर आणता येतं. यासाठी लायसन्स आधीच अकाउंटशी जोडलेलं असावं लागतं. ओईएम असेल आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बिघाडामुळे बोर्ड बदलला असेल, तर लॅपटॉप हातात घेण्याआधी तिथेच विंडोज ॲक्टिव्हेट झालेलं दाखवायला सांगा. बाहेर जुना बोर्ड शोधून बसवून घेतला तर आपल्या ओईएम लायसन्सवर हक्क सांगता येत नाही.

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात कंपन्यांनी काढलेले जुने लॅपटॉप मिळतात. ते घेणं वाईट नाही. अनेकांच्या चिपमध्ये विंडोज प्रोची अस्सल की असते. पण जुन्या कंपनीने ते मशीन आपल्या नोंदणीतून काढलेलं नसेल, तर विंडोज नव्याने टाकल्यावर त्या कंपनीचं लॉगिन मागणारा स्क्रीन येतो आणि पुढे जाता येत नाही. म्हणून विक्रेत्याकडून विंडोज समोर नव्याने टाकून, इंटरनेट जोडून, डेस्कटॉपपर्यंत पोहोचलेलं पाहूनच पैसे द्या.

विंडोज ७ किंवा ८ च्या कीने नवं विंडोज ॲक्टिव्हेट होईल, असा आता भरवसा नको. २९ जुलै २०१५ पासून वर्षभर विंडोज १० वर मोफत अपग्रेड अधिकृतपणे खुलं होतं. त्यानंतरही जुनी की बराच काळ चालत राहिली, पण सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती वाट बंद केली. त्याआधी अपग्रेड केलेल्या मशीनला डिजिटल लायसन्स मिळालेलं आहे आणि ते कायम आहे.

विंडोज ११ ला लायसन्सखेरीज यंत्राचीही पात्रता लागते: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि यादीतला प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक ॲप हे तपासून देतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याचं लायसन्स बाद झालेलं नाही, ते आजही इन्स्टॉल आणि ॲक्टिव्हेट होतं. बंद झाली ती सुरक्षा अपडेट्स. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव योजना आहे. तिच्यासाठी २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, नावनोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर होते. सेटिंग्जचा बॅकअप सुरू ठेवला तर पैसे लागत नाहीत. त्याऐवजी मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर असेही पर्याय ठेवलेले आहेत.

जवळ काय काय ठेवायचं

खरेदीचं जीएसटी बिल, मशीनचा सीरियल नंबर, रिटेल असेल तर कीचं कार्ड किंवा ईमेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा आयडी-पासवर्ड, आणि त्या अकाउंटला जोडलेला मोबाइल चालू आहे याची खात्री. दुकानदाराने 'सेटअपसाठी' म्हणून स्वतःच्याच ईमेलवर अकाउंट उघडलेलं असेल तर आजच आपलं अकाउंट जोडा.

बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीची, ४८ आकडी रिकव्हरी की हे सर्वांत दुर्लक्षित कागदपत्र आहे. नव्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन अनेकदा आपसूक चालू झालेलं असतं. विंडोज बिघडल्यावर डिस्क दुसऱ्या मशीनला लावून फोटो वाचवायचे असतील तर ही की लागते. ती सहसा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. ती कागदावर उतरवून बिलासोबत ठेवा.

ऑफिसचं लायसन्स विंडोजपेक्षा वेगळं असतं. लॅपटॉपसोबत कायमचं ऑफिस आलं असेल तर ते पहिल्यांदा ज्या अकाउंटने सुरू केलं त्याच अकाउंटला बांधलेलं असतं. ते अकाउंट विसरलात तर विंडोज परत येईल, वर्ड-एक्सेल येणार नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळायची आहे. युनिकोडच्या आधी श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या पत्रिका, अहवाल, पुस्तकांची हस्तलिखितं त्या-त्या फॉन्टशिवाय इंग्रजी अक्षरांचा गोंधळ म्हणून उघडतात. फॉन्टचं फोल्डर कॉपी करा आणि त्या सॉफ्टवेअरचं डाँगल (ते चालण्यासाठी कॉम्प्युटरला लावायचं छोटं उपकरण) किंवा नोंदणीही शोधून ठेवा. टॅलीचा डेटा, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर हेही याच यादीत.

प्रक्रिया

मशीन सुरू होत असेल तर सोपा मार्ग सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत आहे: रीसेट धिस पीसी. फाइल्स ठेवायच्या की सगळं काढायचं, हे तो विचारतो. क्लाउड डाउनलोड निवडलं तर सुमारे ४ जीबी डेटा लागतो, पण ताजं विंडोज मिळतं. बिघडलेल्या मशीनवर मी हाच पर्याय सुचवेन. क्रॅक केलेलं प्रो बसलेलं असेल तर मात्र रीसेटने प्रोच परत येतं. तिथे पेनड्राइव्हच लागतो.

किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत डाउनलोड पानावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवून तो बूटेबल करा, म्हणजे त्यावरून मशीन सुरू करता येईल. दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर कोणतं बदललेलं विंडोज आहे ते आपल्याला कळत नाही, म्हणून हा अर्धा तास स्वतः खर्च करावा. मशीन सुरू होताना डेल, लेनोवो किंवा एसरवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९ दाबलं की बूटची यादी येते.

कीसाठी चौकट आली तर 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा आणि फोटोत दिसणारी तीच आवृत्ती घ्या (फोटोत क्रॅक केलेलं प्रो असेल तर मशीनसोबत आलेली मूळची). चिपमध्ये की असेल तर हे बहुधा विचारलंही जात नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर इथे डिस्कच दिसत नाही. घाबरू नका, डिस्क मेलेली नसते. कंपनीच्या साइटवरून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर आधीच उतरवून पेनड्राइव्हवर उलगडून ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर'ने दाखवा.

पार्टिशनच्या पानावर हात सावकाश चालवा. घरातल्या बहुतेक मशीनवर डी ड्राइव्ह हा त्याच डिस्कचा तुकडा असतो. 'फोटो डीमध्ये आहेत, सुरक्षित आहेत' असं म्हणत सगळी पार्टिशन्स डिलीट केली तर फोटोही जातात. बॅकअप वेगळ्या डिस्कवरच हवा.

विंडोज ११ होमच्या सेटअपला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. वायफायचा ड्रायव्हर नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. डेस्कटॉप आला की आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, मग ॲक्टिव्हेशनचं पान उघडा.

क्रॅक आणि स्वस्त की

केएमएसची नक्कल करणारी टूल्स चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला सांगितलं जातं. त्याच मशीनवरून आपण नेट बँकिंग करतो, मुलांचे प्रवेश अर्ज भरतो. काहीशे रुपयांत मिळणाऱ्या की बऱ्याचदा कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून फुटलेल्या असतात आणि नंतर बंद पडतात. कायदाही स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यवसायासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. टायपिंगचं दुकान, क्लास, सीएचं घरातलं ऑफिस यांना ती सवलत धरता येणार नाही.

लायसन्स नाही आणि घेण्याची ऐपतही नाही, अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबंटू ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. की लागत नाही, मराठी टायपिंग होतं, ब्राउझर आणि लिब्रे ऑफिस चालतं. विंडोज ११ ला अपात्र ठरलेल्या जुन्या लॅपटॉपसाठीही हा प्रामाणिक पर्याय आहे. टॅली किंवा टोकनवरच्या सहीचं काम असेल तर आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा.

मशीन पुढे विकणार असाल तर सगळं पुसून रीसेट करा, अकाउंटच्या डिव्हाइसेस यादीतून ते काढा आणि ओईएम लायसन्स असेल तर बिलाची प्रत घेणाऱ्याला द्या. रिटेल की असेल आणि ती स्वतःकडे ठेवायची असेल, तर विकण्याआधी ती त्या मशीनवरून काढा आणि घेणाऱ्याला तसं स्पष्ट सांगा.