बाटलेला कर्नल: ड्रायव्हरच्या वादाची पार्श्वभूमी

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर एखाद्या कंपनीचा बंद ड्रायव्हर (म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणारा, पण ज्याचा कोड कंपनी दाखवत नाही असा प्रोग्रॅम) लोड झाला की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आपल्या लॉगमध्ये एक ओळ लिहून ठेवतो: या मॉड्यूलच्या लायसन्समुळे कर्नल 'टेंट' झाला आहे. टेंट म्हणजे डागाळलेला. मला विचाराल तर नेमका मराठी शब्द 'बाटलेला'. मशीन चालूच राहतं, पडद्यावर काही फरक दिसत नाही. पण पुढे काही क्रॅश झालं आणि तो लॉग घेऊन तुम्ही कर्नल डेव्हलपरांकडे गेलात, तर पहिलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. तो ड्रायव्हर काढा, मशीन पुन्हा सुरू करा, तरीही बिघाड आला तर बोलू.

उद्धट वाटतं, पण त्यामागे साधा हिशोब आहे. ब्राउझर किंवा वर्ड प्रोसेसर कोसळला तर तो एकटाच कोसळतो. इतरांच्या मेमरीला त्याला हात लावता येत नाही. ड्रायव्हरचं तसं नाही. लिनक्स असो की विंडोज, बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच, कर्नलच्याच अधिकारांनिशी चालतात. साउंड कार्डच्या ड्रायव्हरने मोजणीत एकाची चूक केली तर तो फाइल सिस्टिमच्या मेमरीवर खुशाल लिहून जातो आणि त्याला अडवणारं कुणी नसतं. चूक एकाने केली, मेलं दुसरंच, आणि ज्याने केली त्याचा कोड बघायला मिळत नाही. अशा लॉगवर डोकं कोण खपवेल?

हे असं का बांधलं, हा प्रश्न लिनक्सच्या जन्मापासूनचा आहे. जानेवारी १९९२ मध्ये, लिनक्स जेमतेम काही महिन्यांचं असताना, मिनिक्स या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचे कर्ते प्रा. अँड्र्यू टॅननबॉम यांनी जाहीरपणे लिहिलं की लिनक्स कालबाह्य आहे. कर्नल अगदी छोटा ठेवावा आणि ड्रायव्हर, फाइल सिस्टिम वगैरे सगळं त्याच्या बाहेर साध्या प्रोग्रॅमसारखं चालवावं, असा मायक्रोकर्नलवाल्यांचा आग्रह होता. म्हणजे ड्रायव्हर मेला तर तो परत सुरू करता येतो, बाकीचं घर शाबूत राहतं. लिनक्सचा कर्ता, तेव्हा विद्यार्थी असलेल्या लिनस टोरवाल्ड्सने तितक्याच फटकळपणे उत्तर दिलं. व्यवहारात टोरवाल्ड्स जिंकला. सगळं एका पोटात असलं की वेग मिळतो, लिहायला सोपं जातं, आणि लोकांना चालणारी सिस्टिम हवी होती. या वादाचा एक मजेशीर शेवट आहे, तो पुढे येईल.

किंमत मात्र मोजावी लागली. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लिनक्सचा कोड यंत्राकरवी तपासला, तेव्हा ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पट निघालं. दोन वर्षांनी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका शोधनिबंधात विंडोज एक्सपीबद्दलचा आकडा आला: नोंदवलेल्या क्रॅशपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे. यात आश्चर्य नाही. कर्नलचा गाभा मोजके जाणकार वर्षानुवर्षं घासतात. ड्रायव्हर लिहितो चिप विकणाऱ्या कंपनीतला कुणीतरी, माल बाजारात जायच्या तारखेच्या दडपणाखाली. पुढचं मॉडेल आलं की जुन्या ड्रायव्हरकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

गंमत अशी की ड्रायव्हर उघडा असावा ही मागणी सुरुवातीला सुरक्षेसाठी नव्हतीच. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या एआय लॅबमध्ये झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये तिथले प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी फेरफार केला होता: कागद अडकला की प्रिंटची वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर सूचना यायची, मग कुणीतरी उठून कागद काढायचा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड आलाच नाही. दुसऱ्या विद्यापीठात ज्याच्याकडे तो होता त्याने गोपनीयतेच्या करारावर सही केलेली, त्याने नकार दिला. २७ सप्टेंबर १९८३ ला स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागे हाही राग होता. हॅकर, व्हायरस, पाळत यांतलं काहीही नाही, अडकलेला कागद.

सुरक्षेचा मुद्दा पुढे आणला तो ओपनबीएसडी या दुसऱ्या उघड्या ऑपरेटिंग सिस्टिमने. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडी या तशाच प्रकल्पातून फुटून हा प्रकल्प कॅलगरीतून सुरू केला आणि कोडची ओळन् ओळ तपासायची शिस्त लावली. मग ओघानेच प्रश्न आला: सगळं तपासायचं म्हणता, आणि कर्नलमध्येच कंपनीने दिलेला बंद तुकडा घालता? अशा तुकड्याला 'ब्लॉब' म्हणतात. ओपनबीएसडीने ब्लॉबला दार बंद केलं. २००५ मध्ये तर अडॅप्टेकच्या रेड कंट्रोलरचा (अनेक डिस्क एकत्र हाताळणाऱ्या कार्डाचा) आधारच काढून टाकला, कारण कंपनी कागदपत्रं देईना. ज्यावर डिस्क अवलंबून आहेत ते यंत्र नीट हाताळता येत नसेल तर ते चालतं असं सांगणं हीच फसवणूक, असा त्यांचा पवित्रा. मला तो पटतो, पण ज्याच्या सर्व्हरमध्ये ते कार्ड होतं त्याची पंचाईतही समजते.

एक बारकावा इथे नेहमी सुटतो. डी राट यांची मागणी कंपन्यांनी ड्रायव्हर लिहून द्यावा अशी नव्हती. मागणी होती ती चिपच्या माहितीची: कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या छोट्या कप्प्यात, काय लिहिलं की चिप काय करते. ड्रायव्हर आम्ही लिहू. आणि गोपनीयतेच्या करारावर सही करून मिळालेली माहिती त्यांना नको होती, कारण करार करणारा एक डेव्हलपर निघून गेला की पुढच्याच्या हाती पुन्हा भोपळा.

कंपन्यांची बाजू सगळीच खोटी नव्हती. चिपमधले काही भाग दुसऱ्यांकडून लायसन्सवर घेतलेले असतात, ते उघड करायचा हक्कच नसतो. पेटंटच्या खटल्यांची धास्ती असते. वाय-फायच्या बाबतीत आणखी एक कारण यायचं: रेडिओ किती ताकदीने आणि कोणत्या वारंवारतेवर बोलेल हे सॉफ्टवेअर ठरवतं, कोड उघडा दिला तर लोक सरकारी मर्यादा ओलांडतील आणि आम्ही अडकू. वाय-फाय चिप बनवणाऱ्या अथेरॉसने म्हणूनच आपल्या ड्रायव्हरचा एक थर बंद ठेवला होता. ओपनबीएसडीच्या मंडळींनी २००४ च्या सुमारास त्याला उघडा पर्याय लिहून दाखवला, पुढे त्याच कामावर लिनक्सचा ड्रायव्हर उभा राहिला, आणि २००८ मध्ये खुद्द अथेरॉसने नव्या चिपसाठी उघडा ड्रायव्हर दिला.

ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपची कथा जास्त रंजक. कंपनी लिनक्सला काहीच देत नव्हती, आणि चिप तर लॅपटॉपमागून लॅपटॉपमध्ये. काहींनी विंडोजचा ड्रायव्हरच लिनक्सच्या कर्नलमध्ये घुसवून चालवायची युक्ती काढली. चालायचं ते, पण दुसऱ्या सिस्टिमचा बंद कोड आपल्या कर्नलच्या मुळाशी बसवायचा म्हणजे सिक्युरिटीच्या नावाने आंघोळच. दुसरा रस्ता कष्टाचा होता. एका गटाने कंपनीचा ड्रायव्हर उलगडायचा आणि चिप कशी वागते तेवढंच साध्या भाषेत लिहायचं. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हरकडे न पाहता फक्त ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहायचा, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप टिकत नाही. जून २००६ मध्ये तो लिनक्स २.६.१७ मध्ये आला. वर्षभरात याच कोडवरून लिनक्स आणि ओपनबीएसडीची जाहीर जुंपली, लायसन्स मोडल्याच्या आरोपावरून. शत्रू दारात आणि भाऊबंदकी घरात.

त्याच वर्षी बंद ड्रायव्हरविरुद्धच्या युक्तिवादाला हवा होता तसा पुरावा मिळाला. ऑक्टोबर २००६ मध्ये रॅपिड७ या सिक्युरिटी कंपनीने दाखवून दिलं की लिनक्सवरच्या एनव्हिडियाच्या बंद ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये अक्षरं रेखाटणाऱ्या भागात बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिलं जाण्याची चूक) आहे, आणि त्यातून हल्लेखोराला रूटचे, म्हणजे मशीनवरचे सर्वोच्च अधिकार मिळू शकतात. अक्षरं रेखाटणाऱ्या भागात! कंपनीची नवी आवृत्ती लावेपर्यंत वापरणाऱ्याच्या हातात उरलं काय, तर ती सोय बंद करणं किंवा संथ उघड्या ड्रायव्हरवर जाणं. उघड्या ड्रायव्हरमध्येही अशी चूक होऊ शकली असती, हे मान्य. पण मग ती दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागली नसती.

विंडोजने दुसरी वाट धरली: कोड दाखवू नका, पण ड्रायव्हरवर डिजिटल सही करा. व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीपासून सही नसलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये घेणं बंद झालं. त्याने बराच कचरा अडला, हे नाकारता येत नाही. पण सही सांगते ड्रायव्हर कुणाचा. आत काय आहे ते सांगत नाही. २०१० मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरचे ड्रायव्हर रिअलटेक आणि जेमायक्रॉन यांच्या चोरलेल्या सर्टिफिकेटांनी सही केलेले होते. आणि १९ जुलै २०२४ ला चोरीचीसुद्धा गरज पडली नाही. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीचा रीतसर सही केलेला ड्रायव्हर बाहेरून येणारी डेटा फाइल वाचत होता. नव्या फाइलला २१ वा रकाना हवा होता, कोड पुरवत होता २०. एकविसावा वाचायला ड्रायव्हर मेमरीच्या हद्दीबाहेर गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर येऊन थांबली. साध्या प्रोग्रॅममध्ये ही चूक झाली असती तर एक खिडकी बंद पडली असती.

आता उघड्या बाजूची लाज. डेबियन या लिनक्सच्या एका प्रसिद्ध वितरणात २००६ साली एका देखभाल करणाऱ्याने तपासणीच्या साधनाची कुरकुर थांबवायला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधला कोड काढला, आणि त्याबरोबर यादृच्छिकपणाचा जवळजवळ सगळा स्रोत गेला. एका प्रकारच्या मशीनवर एका लांबीच्या किल्ल्या उरल्या फक्त ३२,७६८. हा कोड जगासमोर उघडा होता आणि मे २००८ पर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. ओपनएसएसएलमधलीच हार्टब्लीड नावाची चूकही २०१२ पासून उघड्यावर पडून होती, सापडली एप्रिल २०१४ मध्ये. उघडं असणं आणि कुणी वाचणं यांत बरंच अंतर आहे. एखाद्या जुन्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर हौसेने वाचणारे जगात किती असतील?

तरी गेल्या पंधरा-वीस वर्षांत उघड्या ड्रायव्हरची बाजू वर आली. एएमडीने २००७ मध्ये ग्राफिक्स चिपची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली, ब्रॉडकॉमने २०१० मध्ये वाय-फायचा उघडा ड्रायव्हर दिला. २०१२ मध्ये टोरवाल्ड्सने फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात कॅमेऱ्याकडे बघत ज्या एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, तिनेही मे २०२२ मध्ये कर्नल मॉड्यूलचा कोड उघडा केला. जिंकलो, असं वाटण्यासारखंच सगळं.

फक्त दरम्यान चिप बदलल्या होत्या. आजच्या वाय-फाय चिपमध्ये, ग्राफिक्स कार्डात स्वतःचा प्रोसेसर असतो आणि त्यावर कंपनीचं बंद फर्मवेअर चालतं. ड्रायव्हर सुरुवातीला ती फाइल चिपमध्ये चढवतो आणि नंतर बराचसा निरोप्याचंच काम करतो. २०१७ मध्ये ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपच्या फर्मवेअरमध्येच घुसता येतं हे संशोधकांनी दाखवलं: फोन अँड्रॉइडचा असो की आयफोन, मालकाने कशालाही हात न लावता, नुसतं हवेतून. तिथे कर्नलमधला ड्रायव्हर उघडा की बंद याने हल्ल्याचं पहिलं पाऊल अडत नव्हतं.

इंटेलच्या मॅनेजमेंट इंजिनचं प्रकरण त्याच वर्षीचं. मुख्य प्रोसेसरच्या शेजारी स्वतंत्रपणे चालणारा हा छोटा कॉम्प्युटर. ऑपरेटिंग सिस्टिम कुठलीही टाका, तो तिच्या खालीच असतो. ऑफिसांतल्या मशीनवर त्यातून दुरून लॉगिन करायची सोय असते. मे २०१७ मध्ये कळलं की त्या लॉगिनमध्ये समोरून आलेलं उत्तर बरोबर उत्तराशी ताडून पाहताना किती अक्षरं ताडायची ती लांबी समोरच्याच्याच उत्तराची घेतली जात होती. रिकामं उत्तर पाठवा: शून्य अक्षरं ताडली, शून्यात फरक सापडला नाही, या आत. कोड वाचायला मिळाला असता तर सी भाषेत मुरलेल्या कुणाच्याही डोळ्यात खुपली असती अशी ही ओळ, २०१० पासून विकल्या गेलेल्या मशीनमध्ये बसून होती.

आणि १९९२ च्या वादाचा तो शेवट: या इंजिनाच्या नव्या आवृत्त्यांमध्ये जी ऑपरेटिंग सिस्टिम सापडली ती मिनिक्स. टॅननबॉम यांनी २०१७ मध्ये इंटेलला जाहीर पत्र लिहिलं. आपलं मिनिक्स इतक्या मशीनमध्ये आहे हे आपल्याला बातम्यांतून कळलं, कंपनीने सौजन्य म्हणून कळवलं असतं तर बरं वाटलं असतं, असा सूर. मिनिक्सचं लायसन्स कोड बंद ठेवायला मुभा देतं, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. हरलेला मायक्रोकर्नल जिंकलेल्या लिनक्सच्या खाली जाऊन बसला, तोही कुलूपबंद.

फर्मवेअरचं करायचं काय, यावर उघड्या बाजूतच एकमत नाही. ओपनबीएसडी म्हणतं, जे चिपवर चालतं आणि वाटायची परवानगी आहे ते चालेल, आमच्या कर्नलमध्ये नको. स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला तेही मान्य नाही. डेबियनने २०११ मध्ये बंद फर्मवेअर कर्नलमधून बाजूला काढलं. मग इन्स्टॉल करताना वाय-फायच चालेना, म्हणून ते पेनड्राइव्हवर वेगळं आणा, अशी सर्कस अनेकांनी केली, मीही केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनने मतदान घेऊन ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये परत आणलं.

एनव्हिडियाच्या त्या उघड्या मॉड्यूलकडे परत येऊ. ते ट्युरिंग पिढीपासूनच्याच कार्डांवर चालतं, कारण कार्डावरचा वेगळा प्रोसेसर तिथून पुढे आला आणि जुन्या ड्रायव्हरमधली बरीच कामं आता त्याच्या फर्मवेअरमध्ये आहेत, कित्येक एमबींच्या बंद फाइलमध्ये. मॉड्यूलचं लायसन्स उघडं असल्याने लॉगमध्ये लायसन्सची ती ओळ येत नाही. कर्नलकडे डागांची भलीमोठी यादी आहे, प्रत्येकाला एकेक अक्षर दिलेलं. चिपमध्ये बंद फर्मवेअर चढवलं म्हणून लागणारं अक्षर त्या यादीत नाही.