अमेरिकेत बीडीएचं परमिट: फायर मार्शलचा रेडिओ इमारतीत का चालला पाहिजे आणि अर्ज नेमका कुठे अडकतो

"स्प्रिंकलर झाले, अलार्म झाला, आता हे बीडीए काय नवीन काढलंय?" अमेरिकेत वेअरहाऊस, हॉटेल, मेडिकल बिल्डिंग किंवा एखादं सभागृह बांधायला काढलेल्या आपल्या लोकांकडून हा प्रश्न हमखास येतो. आणि येतो तो बहुतेक वेळा उशिरा, सीओ अडकल्यावर. सीओ म्हणजे आपल्याकडची ओसी. ती हातात पडल्याशिवाय इमारत वापरता येत नाही.

मागणी तशी साधी आहे. आग लागल्यावर आत शिरलेल्या जवानाला जिन्यातून, तळघरातून, पंप रूममधून बाहेरच्या माणसांशी रेडिओवर बोलता आलं पाहिजे. काँक्रीट, पोलाद आणि धातूचा पातळ लेप असलेली लो-ई काच या लहरी अडवतात. मग छतावर बाहेरचा सिग्नल पकडणारी डोनर अँटेना, आत तो वाढवणारा अँप्लिफायर (हाच तो बीडीए, म्हणजे बाय-डायरेक्शनल अँप्लिफायर) आणि मजल्यामजल्यावर छोट्या अँटेनांचं जाळं बसवावं लागतं. कागदोपत्री या सगळ्याला ईआरसीईएस म्हणतात, पण साइटवर सगळे बीडीएच म्हणतात.

तुमच्या इमारतीला हे लागू आहे का? इंटरनॅशनल फायर कोडचं (शहरं आपापल्या दुरुस्त्यांसह स्वीकारतात तो नमुना नियमसंच) कलम ५१० बघा. २००९ च्या आवृत्तीपासून ते आहे. मूळ कलमाचा रोख सगळ्या नव्या इमारतींकडे आहे. अमुक चौरस फुटांवर, अमुक मजल्यांवर किंवा तळघर असेल तरच, असल्या मर्यादा शहर किंवा काउंटी आपल्या दुरुस्तीतून घालते, त्यामुळे शेजारच्या गावातल्या मित्राचा अनुभव तुमच्या कामाचा नाही. इथे एक गैरसमज फार महागात पडतो. "आमच्याकडे सिग्नल चांगला आहे, म्हणजे आम्हाला लागू नाही" असं लोक लिहून देतात. लागू असतंच. सिग्नल खरोखर पुरेसा असेल तर उपकरण बसवावं लागत नाही एवढंच, पण तो पुरेसा आहे हे मोजून, रिपोर्ट जोडून दाखवावं लागतं. आणि मोबाइलवर किती दांड्या दिसतात त्याचा इथे काडीचा संबंध नाही. अग्निशमन दलाचा रेडिओ वेगळ्या वारंवारितेवर, वेगळ्या टॉवरवरून चालतो. मोबाइलसाठी दुकानात मिळणारा बूस्टर लावून "व्यवस्था केली आहे" असं लिहिलेले अर्जही येतात. ते अर्थातच परत जातात.

जुन्या इमारतीवाल्यांची फसगत तारखेत होते. जुन्या इमारतींचा विषय कोडच्या ११ व्या प्रकरणात आहे आणि तिथे तारीख दिलेलीच नाही. स्थानिक प्राधिकरण ठरवेल त्या मुदतीत काम करा, असं लिहिलंय. ती मुदत तुमच्या शहराच्या अध्यादेशात असते. आपले लोक कोडचं पुस्तक चाळतात, तारीख सापडत नाही, म्हणून मुदत नाही असं धरून बसतात. शिवाय जुनी वायरची संपर्क यंत्रणा दुरुस्त होण्यापलीकडे गेली किंवा बदलायला काढली, तर मुदतीची वाट न बघता नवा नियम लागू होतो. इमारत विकत घेताना हा मुद्दा वकिलाकडून तपासून घ्या, कारण मागच्या मालकाने टाळलेलं काम तुमच्या गळ्यात पडतं.

आवृत्तीचं प्रकरणही असंच. २०१५ च्या कोडमध्ये बॅटरी २४ तास चालायला हवी होती. २०१८ पासून १२ तास झाले, किंवा जनरेटर असेल तर त्याच्या जोडीला दोन तासांची बॅटरी चालते. आधी सिग्नलच्या ताकदीचा वजा ९५ डीबीएम हा आकडा मिळाला की झालं, आता आवाज समजतो की नाही हेही बघतात. त्याचं माप डीएक्यू ३, म्हणजे थोडं लक्ष देऊन ऐकलं तर बोलणं कळतं, क्वचित पुन्हा विचारावं लागतं. २०२१ च्या आवृत्तीत उपकरणाला यूएल २५२४ या सुरक्षा मानकाची मान्यता लागते. तुमच्या शहराने कोणती आवृत्ती स्वीकारली आहे हे विचारल्याशिवाय कुणाकडूनही कोटेशन घेऊ नका. स्वस्तात पडलेला जुना बीडीए नव्या आवृत्तीत बसला नाही तर तो परत घ्यायला विक्रेता बांधील नसतो.

आता मुख्य अडचण. अर्जाच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ असते, "परवानाधारकाचं संमतीपत्र जोडा". कुणाचं संमतीपत्र, हे मात्र चेकलिस्ट सांगत नाही. मुंबई-पुण्यात फायर एनओसीची सवय असलेल्या माणसाला वाटतं, फायर मार्शलने परमिट दिलं की त्यात सगळं आलं. इथे तसं नाही. फायर मार्शल इमारतीपुरता. ज्या वारंवारितेवर त्याचा रेडिओ चालतो तिचा परवाना एफसीसीने (रेडिओ लहरींचं नियमन करणारी अमेरिकेची केंद्रीय संस्था) दुसऱ्याच कुणाच्या नावावर दिलेला असतो: कधी काउंटी, कधी शहर, कधी राज्याची रेडिओ यंत्रणा. तुमचा बीडीए त्यांच्या लहरी उचलून पुन्हा सोडणार, म्हणून त्यांची स्पष्ट संमती हवी. एफसीसीच्या भाग ९० मधला ९०.२१९ हा नियम तेच सांगतो, आणि ती संमती दाखवता येईल अशा स्वरूपात जपून ठेवा, असंही सांगतो. तोंडी "हो हो, लावा" चालत नाही.

परवानाधारक शोधायला एफसीसीचा डेटाबेस सगळ्यांना खुला आहे. त्याआधी फायर मार्शलच्या कार्यालयाला एकच नेमका प्रश्न विचारा: या इमारतीत कोणकोणत्या यंत्रणा आणि वारंवारिता चालल्या पाहिजेत? उत्तर लेखी घ्या. पुष्कळदा अग्निशमन दल काउंटीच्या ७०० किंवा ८०० मेगाहर्ट्झच्या यंत्रणेवर असतं, पोलिस दुसरीकडे, आणि आगीच्या ठिकाणी आपसात बोलायला आणखी वेगळे चॅनल. जितके परवानाधारक असतील तितकी पत्रं लागतात. एक पत्र आणून अर्ज सादर करायचा आणि दुसऱ्यासाठी परत यायचं, हे फार बघायला मिळतं.

पत्रात इमारतीचा पत्ता, वारंवारिता, उपकरणाचं मॉडेल आणि देखभालीसाठी कधीही संपर्क करता येईल अशा माणसाचं नाव असावं. काही कार्यालयं याचा ठरलेला फॉर्म देतात, तोच भरा. पत्र इमारतीच्या मालकाच्या नावे घ्या. ठेकेदाराच्या कंपनीच्या नावे घेतलं आणि पुढच्या वर्षी ठेकेदार बदलला, की सगळं पुन्हा करावं लागतं. एखाद्या ओळखीच्या पोलिस अधिकाऱ्याचा "आमची हरकत नाही" असा ईमेल जोडणारेही आहेत. तो अधिकारी भला असेल, पण परवाना त्याच्या नावावर नसतो.

ही पत्रं मिळायला वेळ लागतो आणि लोक चिडतात. त्यातली निम्मी चीड योग्य आहे. एवढी मोठी काउंटी, आणि रेडिओचं सगळं बघायला एखाददुसरा माणूस, ही काय व्यवस्था झाली? पण त्या माणसाची भीतीही समजून घ्या. बाहेरची आणि आतली अँटेना एकमेकींना ऐकू लागल्या की बीडीए मायक्रोफोनसारखा शीळ घालतो, आणि त्याचा गोंगाट टॉवरपर्यंत जाऊन आख्ख्या परिसरातल्या रुग्णवाहिका आणि पोलिसांचे रेडिओ बिघडवतो. म्हणून दोन अँटेनांमधलं पुरेसं आयसोलेशन (एकीचा सिग्नल दुसरीत न शिरणं) आणि अँप्लिफायर सिग्नल किती वाढवतो (गेन) यांचा हिशेब डिझाइनमध्येच दाखवा. हा तक्ता पहिल्या ईमेलला जोडला तर निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

संमतीपत्रापाठोपाठ एफसीसीची नोंदणी. एकाच वेळी अनेक चॅनल वाढवणारे क्लास बी बूस्टर सुरू करण्याआधी नोंदवावेच लागतात. नोंदणी ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. कुणी त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर कशाबद्दल ते विचारा. पण नोंदणी म्हणजे परवानगी नव्हे. आधी संमती, मग नोंदणी, त्यानंतरच स्विच. "फक्त टेस्टिंगसाठी चालू केलं होतं" हे कुणी ऐकून घेत नाही. या उपकरणांवर एक इशारा छापलेला असतो: हे ग्राहकांसाठीचं उपकरण नाही, परवाना किंवा परवानाधारकाची स्पष्ट संमती हवी, आणि सुरूच राहिलेल्या प्रत्येक उल्लंघनाला दंड एक लाख डॉलरच्या वर जाऊ शकतो. बारीक अक्षरातला हा मजकूर खोका उघडल्यावर एकदा वाचा.

डिझाइन आणि तपासणी करणाऱ्या माणसाची पात्रताही अडवते. त्याच्याकडे एफसीसीचा जनरल रेडिओटेलिफोन ऑपरेटर परवाना आणि इमारतीतल्या यंत्रणेच्या प्रशिक्षणाचं किंवा उपकरण बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र लागतं. दोन्ही कागद व्यक्तीच्या नावावर असतात. कंपनीच्या फाइलमधला परवाना सहा महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा निघाला तर अर्ज तिथेच थांबतो. करार करताना "प्रत्यक्ष साइटवर कोण येणार?" हे विचारा आणि त्याच माणसाचे कागद जोडा.

बाकी कागद नेहमीचे: मजल्यांचे नकाशे, अँटेना आणि केबलची आखणी, सिग्नलचा हिशेब, बॅटरीचा हिशेब, उपकरणांच्या डेटाशीट, अलार्म पॅनलला जोडणीचा आराखडा. अर्ज ऑनलाइन, फी भरली की प्लॅन रिव्ह्यू. पॅनल जोडणीच्या पानाकडे मात्र दुर्लक्ष करू नका. वीज गेली, बॅटरी उतरली, चार्जर बंद पडला, अँटेना किंवा अँप्लिफायर बिघडला, तर ते पॅनलवर वेगवेगळं दिसलं पाहिजे. याचा आग्रह उगाच नाही. वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर रिपीटर, म्हणजे रेडिओचा सिग्नल वाढवून पुन्हा सोडणारं उपकरण, बसवला होता. ११ सप्टेंबर २००१ ला उत्तर मनोऱ्याच्या लॉबीतल्या त्याच्या कन्सोलवरचं, हँडसेट चालू करणारं दुसरं बटण दाबलंच गेलं नाही आणि तिथल्या प्रमुखांना यंत्रणा बंद आहे असं वाटलं, असं ९/११ आयोगाच्या २००४ च्या अहवालात आहे.

मोजणी कधी करायची, यावर ठेकेदार आणि मालक दोघेही चुकतात. काचा बसायच्या आधी, भिंती उघड्या असताना मोजलं तर सिग्नल छान येतो, सगळे खूश होतात. लो-ई काच आणि आतल्या भिंती उभ्या राहिल्यावर तीच इमारत नापास होते. उलट टोक म्हणजे सगळं संपल्यावर मोजायचं, नापास व्हायचं, आणि मग रंगवलेलं सीलिंग फोडून केबल टाकायची. मधला मार्ग असा की केबलसाठी कॉन्ड्युट आणि अग्निरोधक शाफ्टमधली जागा सुरुवातीलाच राखून ठेवायची, आणि अंतिम मोजणी काचा-भिंती पूर्ण झाल्यावर पण सीओच्या बऱ्याच आधी करायची.

अंतिम चाचणीत प्रत्येक मजल्याचे साधारण सारखे २० भाग करतात. मजल्याचा ९५ टक्के भाग पास व्हायला हवा. २०१८ च्या कोडप्रमाणे एक भाग नापास झाला तर चालतं. दोन झाले तर ४० भाग करून पुन्हा मोजतात आणि तेव्हा शेजारशेजारचे नसलेले दोनच भाग माफ असतात. प्रत्येक भागाच्या मध्याजवळ एक जागा निवडायची, आणि निवडली की तीच धरायची. खिडकीकडे दोन पावलं सरकून "आता येतोय बघा" म्हणायची सोय नाही, आणि सोबत उभा असलेला अधिकारी हा प्रकार लगेच ओळखतो. एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक लावणाऱ्या ठिकाणी जिने, पंप रूम, कमांड सेंटर, लिफ्ट लॉबी यांना ९९ टक्क्यांची अट असते. पास झालेल्या मजल्यावर जिना नापास झाला, तरी काम अडतं. चाचणी त्या दलाकडच्या अलीकडच्या मॉडेलच्या रेडिओवर किंवा त्यांनी मान्य केलेल्या उपकरणावर करायची असते. म्हणजे तारीख त्यांच्या सोयीने मिळणार, आणि ती सीओच्या आठवड्यात मागू नका.

परमिट मिळालं तरी फाइल बंद होत नाही. दर वर्षी पुन्हा कव्हरेज, अँप्लिफायरचा गेन आणि तासभर भार देऊन बॅटरी तपासायची, रिपोर्ट सादर करायचा. आत मोठा बदल केला, नवी भिंत किंवा मजला वाढवला, तर वर्षाची वाट न बघता तपासायचं. वेअरहाऊसमध्ये भाडेकरूने छतापर्यंत पोलादी रॅक लावले तर आधीच्या रिपोर्टवर विसंबून राहू नका. काउंटीने वारंवारिता बदलली तर यंत्रणा त्याप्रमाणे बदलून घेण्याचा खर्च मालकाचा, हे भाडेकराराच्या मसुद्यात आणि सोसायटी असेल तर राखीव निधीत आधीच धरा. आणि अग्निशमन दलाची माणसं वाजवी वेळी रेडिओ घेऊन तपासायला आली तर त्यांना आत सोडावं लागतं, हे फ्रंट डेस्कवरच्या माणसाला सांगून ठेवा.